टेबलावर एकच उघडी

आमच्या घरात रायफल कधी आली नाही, पण रायफलीच्या गोष्टींना घरात कधी तोटा नव्हता. बाबा देहूरोडच्या डेपोत आर्मरर होते. म्हणजे सैनिक नव्हेत. सैनिकांच्या बिघडलेल्या बंदुका उघडून, पुसून, नीट करून परत पाठवणारे कामगार. शेजारणी आईला विचारायच्या, तुमचे मिस्टर मिलिटरीत ना? आई सुरुवातीला खुलासा करायची. पुढे कंटाळून नुसतं हो म्हणायला लागली.

बाबा नोकरीला लागले तेव्हा इंग्रजांच्या वेळची थ्री-नॉट-थ्री अजून ढिगाने दुरुस्तीला यायची. मग तिच्याच अंगकाठीची, पण नव्या मापाची गोळी घेणारी आली. लांबून पाहिलं तर जुळ्या बहिणी. ओळखायचं ते गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनवरून. त्यानंतरची सगळी वर्षं एसएलआरची. दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, ओढायला नको, सुटलेल्या गोळीच्या गॅसवरच पुढची गोळी आत जायची. दोन-तीन देशांच्या रायफली उघडून, मोजून आपली एसएलआर काढली, असं बाबा सांगत. त्यातल्या काहींची मापं इंचात, काहींची मिलिमीटरमध्ये. परदेशात तिच्या जाड नळीच्या, दुमडत्या दस्त्याच्या बहिणीही होत्या म्हणे. दिसायला सगळ्या एका आईच्या, पण एकीचं झबलं दुसरीला होईल याची खात्री नाही. बाबा निवृत्त व्हायच्या सुमाराला बारीक गोळीची हलकी रायफल आली, आणि आता मी निवृत्तीला आले तर पुन्हा जाड गोळीच्या रायफलीची मागणी. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, फिरून फिरून भोपळे चौकात.

सांगितलं म्हणजे कागदावर लिहून दाखवलं. बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दुरुस्त झालेली रायफल चालवून पाहायची असे, आणि त्या काळी कानात कापसाचा बोळा घातला की झालं. डावा कान नोकरीतच गेला, उजव्याने निवृत्तीनंतर सोडलं. काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत भिंती अशा की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. बाबांशी ओरडून बोललं की मजलाभर बातमी. म्हणून टेबलावर जुन्या कॅलेंडरची पानं कापून ठेवलेली असतात, मागची कोरी बाजू वर करून. मी लिहिते, ते वाचतात आणि उत्तर मात्र मोठ्यांदा देतात. त्यामुळे आमच्या घरातल्या अर्ध्या गोष्टी शेजाऱ्यांना माहीत असतात, फक्त प्रश्न माहीत नसतात.

बाबांचा कामाचा एकच नियम होता: टेबलावर एकच उघडी. प्रत्येक रायफलीच्या बोल्टवर तिचा नंबर ठोकलेला असतो, कारण तो बोल्ट तिच्याच मापाने बसवलेला असतो. दोन रायफली शेजारी शेजारी उघडल्या आणि पुसता पुसता बोल्टची अदलाबदल झाली, तर दोन्हींचे बोल्ट बंद होतात, वरून छान दिसतात, आणि गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाशी काय होईल ते सांगता येत नाही. कितीही घाई असो, साहेब डोक्यावर उभा असो, बाबा एक उघडणार, पूर्ण करणार, दस्त्याखाली तांबड्या रंगाचा बारीक ठिपका देणार, मग दुसरीला हात लावणार. ठिपका कुणी सांगितलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा.

मी महाळुंग्याच्या एका मधल्या आकाराच्या कंपनीत तपासणीला आहे. वीस-बावीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग मोजले. तीन वर्षांपूर्वी कंपनीला रायफलीच्या एका भागाचं काम मिळालं. बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा, गॅस प्लग. नळीतला थोडा गॅस याच्या भोकातून मागे जातो आणि रायफलीची यंत्रणा ढकलतो. एकाच रायफलीचे दोन प्रकार होते, लांब नळीची आणि आखूड नळीची. दोघींचे प्लग बाहेरून हुबेहूब सारखे. फरक फक्त भोकाचा, तोही डोळ्यांना न दिसणारा. भोकात गेजची, म्हणजे मापाची, पिन घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. चुकीचा प्लग बसला तर यंत्रणा एक तर अर्धवट ढकलली जाते, नाहीतर आदळते.

बाबांना हे काम कळल्यावर ते दोन दिवस इतके खुशीत होते की त्यांनी मला प्लगचं चित्र तीनदा काढायला लावलं. चौथ्यांदा मी चिडले. मग त्यांनी हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, विचारलं, ठिपका देतेस ना?

देत होते. हिरव्या मार्करने. आधी अख्खा ट्रे गेजने तपासायचा, मग ओळीने ठिपके. लांब नळीच्याला एक, आखूड नळीच्याला दोन. कंपनीच्या पद्धतीत हे कुठेच नव्हतं. तिथे ट्रेला चिठ्ठी असते आणि माझी सही असलेली शीट असते, तेवढं पुरे. ठिपका पुढे रायफलीत बसवताना धुऊन निघून जायचा, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. कुणी अर्थही विचारला नाही. ती माझी आणि बाबांची घरगुती गोष्ट आहे असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता.

माझ्या टेबलावरून ट्रे पॅकिंगला जात. पॅकिंगला एक बाई होती, परभणीकडची, चाळिशीतली, ठेकेदाराकडून आलेली. सात वर्षं ती त्याच टेबलाशी उभी होती. दर अकरा महिन्यांनी तिला ब्रेक देत आणि पुन्हा नव्याने घेत, म्हणजे कागदोपत्री ती कायम नवीनच. बोलायची कमी. हात मात्र असा की तिने तेलकागदात गुंडाळलेला माल उघडावासा वाटू नये. रायफलीचं काम स्थिरावलं तर कंत्राटातल्या तिघांना परमनंट करायचं ठरलं होतं आणि यादीत पहिलं नाव तिचं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मला प्लास्टिकची एक फाइल दाखवली, निळी, बटणाची. चाकणच्या बाजारातून आणली होती. म्हणाली, परमनंटचं लेटर यात ठेवणार. आत अजून काहीच नव्हतं.

चूक झाली तो दिवस मला नको तितका आठवतो. माझी सकाळची शिफ्ट संपली होती, पण दुपारचा तपासणीस आला नव्हता, म्हणून मी थांबले. आम्हाला ओव्हरटाइमला नाही म्हणता येतं, पण म्हणत कुणी नाही. चाचणीसाठीचा माल त्याच संध्याकाळी जायचा होता. साडेचारला शेजारणीचा फोन आला की बाबा दार उघडत नाहीत, ती दहा मिनिटं ठोकते आहे. मला माहीत होतं की त्यांना ऐकू येत नाही, झोपले असतील. पण माहीत असणं वेगळं आणि खात्री होणं वेगळं. लांब नळीचा ट्रे अर्धा झाला होता. पुढचा वेळ वाचावा म्हणून आखूडचाही ट्रे उघडून शेजारी ठेवला. फोन खांद्याने कानाशी धरून पिन घालत होते, काढत होते, ठेवत होते. तेवढ्यात बाबा उठले, दार उघडलं, आणि काय झालं म्हणून शेजारणीवरच ओरडले, ते मला फोनमधून ऐकू आलं. मी दोन्ही ट्रेंना ठिपके दिले, शीटवर सही केली आणि बस पकडली. तळवडे चौकात गाडी तासभर अडकली होती आणि मी उभ्याने झोपत होते.

पंधरा दिवसांनी मंगळवारी रायफली जोडणाऱ्या कारखान्याकडून खोकं परत आलं. चाचणीत आखूड नळीच्या एका रायफलीत गोळी सुटली, पण रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही. कुणाला इजा झाली नव्हती. त्यांनी उरलेले प्लग तपासले तेव्हा आखूडच्या खोक्यात अकरा प्लग लांबचे निघाले.

मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलावर ते अकरा ओळीने मांडले होते. शीट माझी, स्वच्छ. म्हणून सगळ्यांच्या मते माल तपासणीत बरोबर होता आणि पॅकिंगमध्ये सरमिसळ झाली. पॅकिंगची बाई दाराजवळ उभी होती. मी एक प्लग उचलला. त्यावर दोन ठिपके होते.

पॅकिंगमध्ये सरमिसळ झाली असती तर लांबच्या प्लगवर एकच ठिपका असता. दोन आहेत याचा अर्थ तो माझ्याच टेबलावर चुकीच्या ट्रेमध्ये गेला आणि मीच त्याला आखूडचे ठिपके दिले. मी दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळ्यांवर दोन. त्या खोलीत हे वाचता येणारी मी एकटी होते, असं मला वाटलं.

मॅनेजर चांगला माणूस आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून तर हे होणारच नाही." मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ते मिटलं.

त्या बाईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडं जसे आले तसे मी भरले." मग तिने माझ्या हातातल्या प्लगकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही विनवते आहे, माझी बाजू घ्या म्हणून. मी प्लग खाली ठेवला.

संध्याकाळी बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि कॅलेंडरचं पान पुढे सरकवलं. ऐकू येत नसलं की माणसाला चेहरे फार वाचता येतात. मी सगळं लिहिलं. ओरडून सांगायची सोय नव्हती आणि त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, दोन्ही शिफ्टचं, फोनचं काहीतरी म्हणतील. फोन त्यांच्यापायीच तर होता. ते म्हणाले, "टेबलावर किती उघडे होते?"

मी दोन बोटं दाखवली.

त्यांनी पानाची घडी घातली. मग म्हणाले, उद्या सांग. मी मान हलवली.

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्याही नाही. कारणं हवी तितकी होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि इतक्या वर्षांत माझ्या सहीवर बोट ठेवायची कुणाला वेळ आली नव्हती. शिवाय मी थकले होते. हे कारण वाटत नाही, पण तेच सगळ्यात मोठं होतं. थकलेल्या माणसाला खरं बोलण्यासाठी आधी उभं राहावं लागतं, आणि मला बसायचं होतं. बाबा रोज संध्याकाळी मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, सांगितलं? मी हाताच्या खुणेने सांगायची, साहेब नव्हते. आयुष्यात बाबांशी मी एवढं खोटं कधी बोलले नव्हते, आणि तेही एक शब्द न उच्चारता.

शुक्रवारी त्या बाईचा गेटपास बंद झाला. ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला. ती डब्याची पिशवी घेऊन माझ्या टेबलाजवळून गेली, क्षणभर थांबली, आणि मी गेजवरची धूळ पुसत राहिले. गेजवर धूळ नव्हती.

पुढच्या बुधवारी मी केबिनमध्ये गेले. धीर आला म्हणून नव्हे. आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारायचं बंद केलं होतं. मी घरी आले, त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पेपर वाचायला लागले. कॅलेंडरची पानं टेबलावर होती तशीच होती. आम्ही जेवलो, भांडी घासली, झोपलो, आणि एकही कागद खर्ची पडला नाही. मला ते सहन झालं नाही.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. एक, दोन ठिपके काय ते समजून घेतलं. मग डोळे चोळत म्हणाला की कारखान्याला उत्तर तर गेलं. कारण: पॅकिंगमधील सरमिसळ. उपाय: कर्मचारी बदलला. त्यांनी ते मान्यही केलं. आता फाइल उघडायची म्हणजे सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, उघडा. तो चिडला नाही, मला ते जास्त लागलं. त्याने दुरुस्तीचं पत्र पाठवलं, मला लेखी ताकीद दिली, आणि ठेकेदाराला कळवलं की बाई परत येऊ शकते. मात्र नव्याने, पहिल्या दिवसापासून. परमनंटच्या यादीत तिच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं होतं आणि त्याला लेटर मिळालंही होतं. ते आता काढून घेता येणार नव्हतं.

हा निरोप ठेकेदारावर सोडायचा नाही एवढं मी ठरवलं. महाळुंग्यात कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे चौकशी करत रविवारी सकाळी गेले. ती बाहेर नळावर कपडे धूत होती. हात पुसून आत घेऊन गेली, चहा टाकला. शेजारच्या एका कंपनीत लागले आहे म्हणाली, प्लास्टिकच्या डब्यांच्या. तिथे उभं राहावं लागत नाही, खुर्ची आहे.

मी सांगितलं. माझी चूक होती, मी कंपनीत तसं कबूल केलं, तुमच्यावरचा ठपका गेला, तुम्हाला परत घ्यायला तयार आहेत. हे सगळं मी बसमध्ये मनात घोकून आले होते, तरी क्रम चुकला. ठिपक्यांचंही सांगायला लागले, की त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती चहा गाळत होती. गाळणं ठेवून म्हणाली, "मला माहीत व्हता, ताई."

मी विचारलं, काय?

"एक म्हंजी लांब, दोन म्हंजी आखूड. पहिल्या महिन्यातच कळलं मला. ट्रेवरच्या चिठ्ठ्या पडत्यात, भिजत्यात. ठिपका पडत न्हाई. मी तुमच्या ठिपक्यावरच भरायची सगळं. शीट कधी बघितलीच न्हाई."

केबिनमध्ये तिने पाहिलं होतं ते प्लगकडे नव्हतं, ठिपक्यांकडे होतं. आणि मग माझ्याकडे.

मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललात? प्रश्न तोंडातून गेल्यावर मला त्याची लाज वाटली.

तिने रागावून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ती साधेपणाने म्हणाली, "मी बोलून कुणी ऐकलं असतं का? अन् मला वाटलं, ज्यांनी ठिपका दिला त्यांनाच कळतंय. त्या बोलतील. शुक्रवारी जाताना थांबले बी व्हते मी तुमच्यापाशी."

चहा आम्ही दोघींनी प्यायला. साखर जास्त होती. ती परत येणार नाही म्हणाली. पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करायचं तर निदान खुर्चीवर बसून करावं. फळीवर ती निळी फाइल होती. आता तिच्यात काहीतरी होतं, फुगलेली दिसत होती. मी नजर काढली नाही, तेव्हा तिनेच सांगितलं की पोराच्या शाळेचे कागद आहेत, रिकामी कशाला ठेवायची.

घरी आल्यावर बाबांनी स्वतःहून पान पुढे केलं. मी लिहिलं की तिला पहिल्यापासून ठिपके वाचता येत होते. त्यांनी वाचलं. मग त्यांच्या त्या मजलाभर जाणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग ती तुझ्या बोलण्यासाठी थांबली होती?"

मी होय लिहिलं. पेन ठेवलं, पुन्हा उचललं आणि खाली लिहिलं, मी बोलेपर्यंत आठ दिवस.